तीन डिग्री फॅरनहाइट म्हणजे उणे सोळा सेल्सिअस? रंगखात्यातल्या एका प्रश्नाचं सविस्तर उत्तर

सोलापुरात अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेल कारखान्यात नुकतंच रंगखातं सांभाळायला लागलेल्या तरुणाचा प्रश्न आहे. अमेरिकी बायरकडून, म्हणजे खरेदीदाराकडून, सूत रंगवायची रेसिपी आली आहे. १०५ डिग्री फॅरनहाइटला सुरुवात करा, मिनिटाला ३ डिग्री फॅरनहाइट या वेगानं १४० पर्यंत न्या, तिथे ६० मिनिटं धरा, आणि तापमान ±२ डिग्री फॅरनहाइटच्या आत ठेवा. मशीन सेल्सिअसवर चालतं. मोबाइलवर आकडे टाकले तर १०५ चे ४०.६ आले, १४० चे बरोबर ६० आले. पण ३ चे उणे १६.१ आणि २ चे उणे १६.७ आले. ‘मिनिटाला उणे सोळा म्हणजे काय समजायचं? आणि मशीनच्या मॅन्युअलमध्ये अचूकता ±०.५ केल्व्हिन लिहिली आहे, त्यातून २७३ वजा करायचे का?’

आधी कामापुरतं उत्तर देतो, म्हणजे लॉट (एका वेळी रंगवायचा माल) अडकून राहणार नाही. सुरुवात ४०.५ डिग्री सेल्सिअसला करा. वाढीचा वेग मिनिटाला १.७ डिग्री सेल्सिअस. शेवटचा टप्पा ६०. मर्यादा ±१.१. चाळीस-साडेचाळीसवरून साठला पोचायला पावणेबारा मिनिटं लागतील. केल्व्हिनमधून काहीही वजा करायचं नाही, ±०.५ केल्व्हिन म्हणजे ±०.५ डिग्री सेल्सिअसच.

आता हे असं का, ते नीट समजून घ्या. मोबाइलचं गणित चुकलेलं नाही. त्याला जे विचारलं त्याचंच उत्तर त्यानं दिलं. ‘बाहेर ३ डिग्री फॅरनहाइट असेल तर सेल्सिअसमध्ये किती?’ याचं उत्तर उणे १६.१ हेच आहे, आणि इतकी थंडी सोलापुरात कुणी पाहिलेली नाही. पण तुमच्या कागदावरचे ३ हे तापमान नाहीच. तो तापमानातला फरक आहे. १०५ आणि १४० ही तापमानं; ३ आणि २ हे फरक. एकाच कागदावर, एकाच चिन्हानं, दोन वेगळ्या जातीचे आकडे लिहिलेले असतात आणि त्यांचं रूपांतर वेगवेगळ्या रीतीनं करावं लागतं. रंगखात्यात, साखर कारखान्यात, शीतगृहात, जिथे जिथे मी तापमापक तपासायला जातो तिथे गोंधळ होतो तो याच एका ठिकाणी. सूत्र सगळ्यांना पाठ असतं. ते कधी लावायचं नाही हे कुणी शिकवलेलं नसतं.

रस्त्यावरचे मैलाचे दगड आठवा. दगडावरचा आकडा मोजणी कुठून सुरू केली यावर ठरतो. तीच मोजणी दुसऱ्या गावापासून केली तर त्याच जागी वेगळा आकडा येईल. पण दोन दगडांमधलं अंतर मोजणी कुठूनही केली तरी तेवढंच राहतं. बदलेल ते फक्त मैलाचं किलोमीटर केलं तर. फॅरनहाइट आणि सेल्सिअसमध्ये दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत: शून्य वेगळ्या जागी आहे आणि एका डिग्रीचं मापही वेगळं आहे. तापमान बदलताना दोन्हींचा हिशेब करावा लागतो. फरक बदलताना फक्त मापाचा.

म्हणून तापमानासाठी: फॅरनहाइटमधून ३२ वजा करा, ५ नं गुणा, ९ नं भागा. फरकासाठी: ३२ ला हात लावायचा नाही, नुसतं ५ नं गुणा आणि ९ नं भागा. ३ गुणिले ५ भागिले ९, म्हणजे १.६७. झालं.

सूत्रावर विश्वास बसत नसेल तर पडताळा सोपा आहे, आणि तो तुम्ही एकदा स्वतः करून बघावा अशी माझी इच्छा आहे. फरक सरळ बदलू नका. त्याची दोन्ही टोकं बदला. १४० ±२ म्हणजे १३८ ते १४२. मोबाइलवर टाका: १३८ चे ५८.९, १४२ चे ६१.१. मधलं अंतर २.२, निम्मं १.१. वेगाचंही तसंच: पहिल्या मिनिटाला १०५ वरून १०८ वर जायचंय, म्हणजे ४०.५६ वरून ४२.२२ वर. वजाबाकी करा, १.६६ ते १.६७ येईल. दोन्ही टोकांना तेच ३२ वजा होतात, त्यामुळे वजाबाकीत ते निघून जातात. ही दोन टोकांची रीत कधीच फसवत नाही. शंका आली की हीच वापरा.

कागद हातात आला की आधी पेन्सिलनं खुणा करायची सवय लावा. ‘प्रति मिनिट’, ±, ‘इतक्यानं वाढवा’, ‘सरासरीपेक्षा जास्त’, अलार्मची ± मर्यादा, कंट्रोलरचा हिस्टेरेसिस (तो चालू आणि बंद होण्याच्या तापमानांतलं अंतर), सेन्सरचा ऑफसेट (वाचनात मिळवायची किंवा वजा करायची दुरुस्ती): हे सगळे फरक. ‘इतक्यावर आणा’, ‘इतक्यावर धरा’, ‘इतक्याच्या वर जाऊ देऊ नका’ ही तापमानं. काही जुन्या अमेरिकी पुस्तकांत यासाठी सोय केलेली दिसते. तापमान असेल तर डिग्रीचं चिन्ह अक्षराच्या आधी आणि फरक असेल तर अक्षराच्या नंतर. चांगली पद्धत होती. बायरच्या कागदावर ती पाळलेली असेलच असं मात्र धरून चालू नका.

वेगाच्या आकड्याकडे मी इतकं लक्ष का वेधतोय तेही सांगतो. सुती धाग्यावरचा रिॲक्टिव्ह रंग तापमान वाढेल तसा धाग्याला जास्त वेगानं धरतो. वाढ घाईनं झाली तर लडीच्या बाहेरच्या सुतावर रंग आधी बसतो, आतलं सूत फिकं राहतं, आणि टॉवेल विणून झाल्यावर पट्टे दिसायला लागतात. तेव्हा फार उशीर झालेला असतो. शेवटचं तापमान बरोबर आणि वेग चुकीचा, अशा लॉटचा चार्ट वरवर बघणाऱ्याला ठीक वाटतो, कारण त्याची नजर ६० वरच असते. तुम्ही वेगाबद्दल अडून विचारलंत, हे चांगलं केलंत. बायरला एवढं मात्र विचारून घ्या की मिनिटाला ३ फॅरनहाइट हा नेमका वेग आहे की कमाल वेग. कमाल असेल तर मिनिटाला दीड सेल्सिअसवर चालवा, काही बिघडत नाही.

आता हे ३२ आलं कुठून? डॅनियल गॅब्रिएल फॅरनहाइट यानं १७२४ मध्ये आपली मोजपट्टी प्रसिद्ध केली. बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणाची थंडी त्यानं शून्य धरली. त्या शून्यावरून मोजत आलं की साधं बर्फाचं पाणी ३२ वर येतं. पुढे पट्टी पक्की झाली तेव्हा पाणी उकळण्याचा आकडा २१२ ठरला. ३२ ते २१२ म्हणजे १८० घरं. स्वीडनच्या अँडर्स सेल्सिअसनं १७४२ मध्ये त्याच दोन टोकांत १०० घरं पाडली. १८० ला १००, म्हणजेच ९ ला ५. सगळं सूत्र एवढंच आहे. (सेल्सिअसनं स्वतः उकळत्या पाण्याला ० आणि बर्फाला १०० दिलं होतं, पट्टी उलटी झाली ती त्याच्या निधनानंतर.)

यातूनच कारखान्यातल्या फरशीवर उभं राहून करायची माझी आवडती रीत निघते: पाच चढले की नऊ चढतात. ५० म्हणजे १२२, एवढं एक पाठ ठेवा. मग ५५ ला १३१, ६० ला १४०, ६५ ला १४९, ७० ला १५८, ७५ ला १६७, ८० ला १७६. कागद नको, मोबाइल नको. ओले हात असले तरी चालतं. ६० वर चालणारे रंग आणि ८० वर चालणारे रंग, दोन्ही या ओळीत बसतात.

पाचाच्या पटीत नसेल तर: सेल्सिअसची दुप्पट करा, दुपटीतून तिचा दहावा भाग काढा, ३२ मिळवा. ४३ ची दुप्पट ८६, त्यातून ८.६ गेले, ७७.४, अधिक ३२, १०९.४. हे अंदाजी उत्तर नाही, तंतोतंत आहे, कारण दुपटीचे नऊ दशांश म्हणजेच नऊ पंचमांश. उलट जायचं असेल तर ३२ वजा करून निम्मं करा, त्यात त्याचा दहावा भाग मिळवा, आणि त्या दहाव्या भागाचाही दहावा भाग मिळवा. १०४ मधून ३२ गेले ७२, निम्मे ३६, अधिक ३.६, अधिक ०.३६, झाले ३९.९६. खरं उत्तर ४०. एवढी अचूकता रंगखात्याला पुरेशी आहे.

इंटरनेटवर आणखी एक युक्ती फिरते, ‘दुप्पट करा आणि ३० मिळवा’. ती वापरू नका. १० डिग्रीला ती अचूक येते, त्यामुळे थंड देशात तिचं काम भागतं. आपल्याकडे मे महिन्यात ४२ अंश असताना ती ११४ सांगेल. खरा आकडा १०७.६. तापात तर ती धोक्याचीच आहे. थर्मामीटर १०१ दाखवत असताना ३० वजा करून निम्मं केलं तर ३५.५ येतात, म्हणजे ताप नाहीच असं वाटेल. प्रत्यक्षात ते ३८.३ आहेत.

तापाचा विषय निघालाच आहे तर एक सांगून ठेवतो. १९५६ च्या कायद्यानं देशात मेट्रिक मापं आली, हवामानाचा आकडा आपण सेल्सिअसमध्येच ऐकतो, पण घरात आजीपासून डॉक्टरांपर्यंत ताप अजून फॅरनहाइटमध्येच बोलला जातो. त्यामुळे एकाच घरात बाहेरचे ४१ आणि अंगातले १०१ असे दोन हिशेब चालू असतात. त्यातला ९८.६ हा आकडा लोक फार पवित्र मानतात. तो आला आहे जर्मन डॉक्टर कार्ल वुंडरलिख यांच्या ३७ डिग्री सेल्सिअस या सरासरीवरून, १८६८ मधल्या. ३७ हा गोळाबेरीज आकडा होता. रूपांतर करताना त्याचे ९८.६ झाले आणि दशांश चिन्हामुळे त्याला नसलेली अचूकता चिकटली. निरोगी माणसाचं तापमान दिवसभरातही यापेक्षा जास्त खाली-वर होतं. तुमच्या कामातही हे लक्षात ठेवा. १०५ फॅरनहाइटचं उत्तर कॅल्क्युलेटर ४०.५५५५५ दाखवतो, म्हणून लॉट कार्डावर ४०.५६ लिहू नका. मर्यादाच ±१.१ आहे तिथे ४०.५ पुरे.

फरक आणि तापमान यांची सरमिसळ बातम्यांतही दिसते. हवामान खात्याच्या निकषानुसार मैदानी भागात कमाल तापमान ४० अंशांवर गेलं आणि सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी किंवा अधिक वाढलं, की उष्णतेची लाट. यातले ४० अंश म्हणजे १०४ फॅरनहाइट. पण ४.५ अंशांची वाढ म्हणजे ८.१ फॅरनहाइटची वाढ. आंधळेपणानं सूत्र लावलं तर ४०.१ येतात, आणि सरासरीपेक्षा ४० डिग्री जास्त हे वाक्य कुणालाही हास्यास्पद वाटेल. २०१५ च्या पॅरिस करारातली १.५ अंशांची मर्यादा फॅरनहाइटमध्ये २.७ होते, ३४.७ नाही. इथे गडबड मात्र पटकन ध्यानात येत नाही, कारण ३४.७ हे एक नेहमीचं तापमान वाटतं.

आता केल्व्हिन. १८४८ मध्ये विल्यम थॉमसन यांनी, जे पुढे लॉर्ड केल्व्हिन झाले, अशी पट्टी मांडली जिचा शून्य कुठल्याही पदार्थाच्या गोठण्या-उकळण्यावर अवलंबून नाही. त्याच्या खाली थंडीच नाही, असा तो शून्य. या पट्टीची एक पायरी मुद्दाम सेल्सिअसएवढीच ठेवलेली आहे. म्हणून तापमान बदलताना २७३.१५ मिळवायचे, आणि फरक बदलताना काहीच करायचं नाही. युरोपातल्या मॅन्युअलमध्ये फरक केल्व्हिनमध्ये लिहिण्याची प्रथा आहे ती याचसाठी. वाचणाऱ्याला कळावं की हा आकडा फरकाचा आहे. आणि १९६७ पासून केल्व्हिनच्या मागे ‘डिग्री’ लावत नाहीत, नुसतं ‘३०० केल्व्हिन’.

रंगखात्यात तुम्हाला केल्व्हिनचं ‘के’ हे अक्षर आणखी दोन ठिकाणी भेटेल. शेड बघायच्या लाइट बॉक्सवर साधारण ६५०० केल्व्हिन असा प्रकाश लिहिलेला असतो. एलईडी बल्बच्या खोक्यावरही असतो. तो त्या दिव्याचा ताप नाही. तितक्या तापलेल्या आदर्श काळ्या वस्तूचा प्रकाश ज्या रंगाचा दिसेल त्या रंगाचा हा प्रकाश, एवढाच अर्थ. त्याचं सेल्सिअस करून काहीही हाती लागणार नाही. दुसरं म्हणजे थर्मोकपलवरचं (दोन धातूंच्या तारांच्या तापमान-सेन्सरवरचं) ‘के टाइप’. हे ‘के’ केल्व्हिनचं नाही, क्रोमेल आणि ॲल्युमेल या तारांच्या जोडीला दिलेलं नुसतं नाव आहे. कंट्रोलरच्या मेनूत सेन्सरचा प्रकार ‘के’ निवडला म्हणून वाचन केल्व्हिनमध्ये येत नाही.

केल्व्हिनशिवाय पान हलत नाही ते ‘किती पट’ विचारताना. जानेवारीत पहाटे १५ अंश आणि मेमध्ये दुपारी ४५, म्हणून तिप्पट उष्ण झालं का? फॅरनहाइटमध्ये तेच आकडे ५९ आणि ११३ आहेत, तिथे दुप्पटही होत नाही. दोन्ही उत्तरं निरर्थक आहेत, कारण दोन्ही शून्य माणसानं सोयीनं ठेवलेले आहेत. केल्व्हिनमध्ये २८८ वरून ३१८, म्हणजे साधारण १० टक्के वाढ, आणि निसर्ग याच हिशेबानं वागतो. कॉम्प्रेसरची टाकी १५ अंशांना ७ किलो दाबावर बंद करून ठेवली आणि हवा ४५ ला तापली, तर दाब २१ होत नाही. गेजवरच्या ७ मध्ये बाहेरच्या हवेचा साधारण १ मिळवा, ८ झाले. त्यात १० टक्के वाढ, ८.८; परत १ वजा करा, गेजवर ७.८ दिसेल. गेजच्या शून्याचीही तीच कथा आहे, हे ध्यानात आलं असेल.

शेवटी मशीनबद्दल. कंट्रोलरमध्ये सेल्सिअस-फॅरनहाइट बदलायची सोय असते. बायरचा कागद फॅरनहाइटमध्ये आहे म्हणून ती बदलायचा मोह होईल. माझं मत विचाराल तर बदलू नका. काही कंट्रोलर एकक बदलल्यावर आतले सगळे आकडे स्वतःच बदलून घेतात, काही फक्त वाचन बदलतात आणि सेट पॉइंट, म्हणजे गाठायला सांगितलेला आकडा, तसाच सोडतात. तसं झालं तर ६० डिग्री सेल्सिअसचा सेट पॉइंट ६० डिग्री फॅरनहाइट होतो, म्हणजे १५.६ सेल्सिअस, आणि वाफेचा व्हॉल्व्ह उघडतच नाही. उलट दिशेला याहून वाईट: फॅरनहाइटमधले १४० तसेच राहिले आणि एकक सेल्सिअस झालं तर मशीन वाफ घेतच राहील.

मशीनचं वाचन मुळात खरं आहे की नाही, हे तुम्ही महिन्यातून एकदा स्वतः तपासू शकता. थर्मासमध्ये बर्फाचा बारीक चुरा भरा, शुद्ध पाणी घाला, पण चुरा तरंगू लागेल इतकं नको. फटी भरतील एवढंच. सेन्सर मध्यभागी खोलवर ठेवा, तळाला किंवा भिंतीला टेकू देऊ नका, आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. ० यायला हवं. बर्फ नळाच्या पाण्याचा असेल तर थोडा फरक पडेल, तरी मोठी चूक पकडायला तो चालतो. दुसरं टोक उकळतं पाणी, आणि इथे सोलापूरकरांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवायची: आपलं शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंच आहे, त्यामुळे इथे उघड्या भांड्यात पाणी १०० ला नाही, साडेअठ्ठ्याण्णवच्या आसपास उकळतं. फॅरनहाइटमध्ये २०९ च्या जरा वर. चांगल्या सेन्सरनं ९८.५ दाखवले म्हणून त्याला दीड डिग्रीची ‘दुरुस्ती’ दिली, तर त्या दिवसापासून प्रत्येक लॉट मागितल्यापेक्षा दीड डिग्री थंड चालेल, आणि तुमची ±१.१ ची मर्यादा पहिल्याच मिनिटाला मोडलेली असेल.

बर्फात सेन्सरनं ०.८ दाखवले तर कंट्रोलरमध्ये उणे ०.८ ऑफसेट द्या. आणि कधी नाइलाजानं एकक फॅरनहाइट करावंच लागलं, तर तो ऑफसेट उघडून बघा. ऑफसेट हा फरक आहे, म्हणून तिथे उणे १.४ हवं, उणे ०.८ तसंच राहिलेलं असेल तर हातानं बदला. हिस्टेरेसिस आणि अलार्मची ± मर्यादाही त्याच वेळी १.८ नं गुणून घ्या, आणि बदल केल्याची तारीख पॅनेलच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा, म्हणजे रात्रपाळीच्या माणसाला कळेल.